विहिरीच्या दगडातलं रसायन

पाटोद्याच्या परिसरात विहीर खोदायला घेतली की यारीनं वर काढलेल्या काळ्या दगडाचा ढीग काठावर पडतो. विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवताना अशा ढिगांवर जे हाती लागलं, ते हे.

१. दगड फुटला की आतली पोकळी बघा. पोकळी लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यातले स्फटिक मात्र नंतरचे. झिरपतं पाणी तापलं, त्यानं खडकातली काच आणि फेल्डस्पार विरघळवून सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम उचललं आणि पोकळीत आणून बसवलं. भिंतीला चिकटलेलं आधीचं, मधलं नंतरचं. बहुतेकदा हिरवट लेप पहिला, त्यावर झिओलाइट नावाची पाणीदार खनिजं. दगड आणखी फोडण्याआधी हा क्रम वहीत काढून घ्यावा. एकदा चुरा झाला की तो पुन्हा मिळत नाही.

२. पांढरी ती सगळी गारगोटी नव्हे. खरवडून लिंबू पिळा. फसफसलं तर कॅल्साइट. मध्ये आवळलेल्या पेंढीसारखा, मोतिया चमकेचा असेल तो स्टिल्बाइट, झिओलाइटांपैकीच एक. त्याचा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवला की नळीच्या वरच्या गार भागावर पाण्याचे थेंब धरतात. ते पाणी स्फटिकाच्या रचनेतच बसलेलं असतं. पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी प्रयोगांपेक्षा मला हा मोलाचा वाटतो.

३. गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं, असं नाही. सिलिकाचं तसं होतं, कॅल्साइटचं उलट. बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो त्यामुळेच. समुद्राचं पाणी तळाखालच्या खडकात सुमारे १५० अंशांवर तापलं की त्यातलं कॅल्शियम सल्फेट ॲनहायड्राइट होऊन भेगांत बसतं. पुढे समुद्रतळावरचा गरम पाण्याचा हा झरा थंडावला की तेच पुन्हा विरघळतं.

४. समुद्रतळावरच्या अशा झऱ्यांतून तांबं येतं, असं सांगितलं की "मग आमच्या विहिरीत तांबं का नाही?" हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगला आहे. समुद्रतळाचा खडकही बेसाल्टच. पण तिथे पाणी खोल शिरतं, त्यातलं मॅग्नेशियम खडकात अडकतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि लोखंड, तांबं, जस्त उचलतं. साडेतीनशे अंशांवरही दाबामुळे ते उकळत नाही. वर येऊन २ अंशांच्या पाण्यात मिसळताच धातूंची सल्फाइडं काळ्या कणांच्या रूपानं बाहेर पडतात. मेक्सिकोजवळ १९७९ साली असा काळा धूर पहिल्यांदा दिसला. आपल्याकडच्या पोकळ्यांत शिरलेलं पाणी त्या मानानं कोमट होतं, म्हणून आपल्या वाट्याला झिओलाइट आले.

५. हे सगळं परदेशातलंच नाही. मध्य हिंदी महासागरातल्या सल्फाइडांच्या शोधासाठी भारतानं २०१६ मध्ये १०,००० चौरस किलोमीटरचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याचं छायाचित्र मिळालं. गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्यात होतं. बारावीनंतर काय, असं विचारणाऱ्या पोरींना मी भूगर्भशास्त्र आणि गोव्याचं हे केंद्र सुचवतो.