सर्व गाड्या व्हाया धुळे!

“पिंग जातंय, पण इंटरनेट नाही” हे वाक्य लॅबमध्ये कोणीतरी म्हणतंच. या वेळी ते माझ्या तोंडून निघालं, आणि तेही मिनी प्रोजेक्टच्या डेमोच्या आदल्या संध्याकाळी.

माझी प्रोजेक्ट पार्टनर धुळ्याची. तिने घरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूचं व्हर्च्युअल मशीन तयार केलं आणि पेन ड्राइव्हवर जळगावला आणलं. त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक ‘नॅट’, ज्यातून मशीन इंटरनेटवर जातं. दुसरं ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे फक्त आपला लॅपटॉप आणि ते मशीन यांच्यापुरतं. तिच्या घरी सगळं चालत होतं. माझ्याकडे एक पॅकेज डाउनलोड होईना. मी लगेच तिलाच धरलं, “तूच फायरवॉलमध्ये काहीतरी केलंयस!” फायरवॉल बंद करून पाहिली. फरक शून्य.

शेवटी ‘आयपी रूट’ ही कमांड दिली (टाइप अर्थातच इंग्रजीत). समोर आलं रूटिंग टेबल. हे टेबल समजायला आपलं जळगाव जंक्शन डोळ्यासमोर आणा. अमळनेर, नंदुरबार? सुरत लाइन. पाचोरा, चाळीसगाव? मुंबई लाइन. आणि ज्या गावाचं नावच आपल्याला माहीत नाही? “भुसावळला जा, पुढचं तिथे बघतील.” हा झाला डिफॉल्ट रूट.

आमच्या टेबलात डिफॉल्ट रूट दोन होते! एक नॅटचा, १०.०.२.२ मार्गे, मेट्रिक १००. दुसरा होस्ट-ओन्लीचा, १९२.१६८.५६.१ मार्गे, मेट्रिक लिहिलेलंच नाही, म्हणजे शून्य. ज्याचं मेट्रिक कमी तो जिंकतो. त्यामुळे बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट होस्ट-ओन्ली कार्डावर चढत होतं. चाळीसगावहून फुटणारा धुळ्याचा फाटा धुळ्यालाच संपतो. धुळ्याला जायला तो उत्तम, पण मुंबईच्या पॅसेंजरला त्या गाडीत बसवलं तर? (धुळेकरांनी राग मानू नये. पार्टनरने आधीच मानलाय.) त्या टोकाला माझा विंडोज लॅपटॉप होता, आणि तो आलेली पॅकेटं आपणहून पुढे पाठवत नाही.

मग पिंग कसं जात होतं? कारण मी पिंग करत होते ते दोन्ही पत्ते शेजारचेच, थेट जोडलेले. तिथे डिफॉल्ट रूटची गरजच पडत नाही. म्हणून अशा वेळी बाहेरच्या पत्त्यावर ‘आयपी रूट गेट’ चालवा. पॅकेट कुठल्या कार्डातून निघणार ते ही कमांड सरळ सांगते. मी नुसत्या पिंगवर दोन तास घालवले.

चुकीचा रूट ‘आयपी रूट डेल’ने काढला आणि पॅकेजेस धडाधड उतरली. खूश होऊन मशीन रीस्टार्ट केलं, तर तो रूट परत हजर! तो नेटप्लॅनच्या फाइलमधून येत होता. फाइल उघडली. होस्ट-ओन्ली कार्डाखाली गेटवेची ओळ. या कार्डाला पत्ता आणि मास्क एवढंच लागतं, गेटवे नकोच.

ती ओळ पार्टनरची नव्हती. दुपारी फिक्स पत्ता देताना, गेटवेशिवाय अर्धवट वाटतं म्हणून, मीच ती टाकली होती. ओळ उडवली, ‘नेटप्लॅन अप्लाय’ केलं, पुन्हा रीस्टार्ट करून खात्री केली आणि मग तिला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ती अहिराणीत एवढंच म्हणाली, “मंग, फायरवॉल बरी शे ना आते?”