क्लास निवडण्याआधी प्रयोगशाळा बघा

प्रश्न : इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालाय. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत केमिकल प्लँटमध्ये नोकरी करायची आहे. पुण्यातले क्लास महिनाभरात पीएलसी, स्काडा शिकवतो म्हणतात. कोणता घ्यावा?

उत्तर : पैसे भरण्याआधी त्यांची प्रयोगशाळा बघायला मागा. नुसते संगणक मांडलेले दिसले, तर प्रोग्रॅमिंग शिकाल. ते वाया जात नाही, पण रिॲक्टरचं तापमान, दाब, लेव्हल सांभाळायची तर आधी फील्डवर हात बसावा लागतो.

ट्रान्समीटर स्वतः कॅलिब्रेट करायला मिळेल का, हे विचाराच. 0 ते 10 बार रेंजच्या ट्रान्समीटरला 5 बार दाब दिला की मीटरवर 12 मिलिअँपिअर यायला हवेत, कारण सिग्नल 4 ते 20 असा चालतो. तो शून्यापासून का नाही? करंट शून्यावर आला की वायर तुटली असावी, हे लगेच लक्षात येतं म्हणून. कंट्रोल व्हॉल्व्हही उघडून बघायला मिळाला पाहिजे. व्हॉल्व्ह अडकत असेल तर पीआयडीचे आकडे कितीही बदला, लूप हेलकावे खातच राहतो. साध्या सिम्युलेटरवर हा दोष सहसा दिसतच नाही.

माझ्या मते, एखाद्या प्लँटमध्ये वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळत असेल तर आधी तीच घ्या. स्टायपेंड मिळतो आणि शटडाऊनच्या कामात माणूस भराभर शिकतो. पीएलसी नंतर सुट्टीच्या दिवशीही शिकता येईल. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासकडे आधीच्या बॅचमधल्या दोन-तीन मुलांशी बोलायला मागा. टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.