मेंदूचे कवच, ध्वनिलहरी आणि अतिसूक्ष्म कण

मेंदूच्या कर्करोगाच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर रुग्णाचे आप्त पुष्कळदा विचारतात, "फोटोत दिसत होती तेवढी गाठ काढली, मग ती पुन्हा कशी वाढली?" उपचारासाठी वाशिमहून अकोला, नागपूर वा मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नसतो. त्याचे एक उत्तर मेंदूच्या नैसर्गिक संरक्षणव्यवस्थेत दडलेले आहे.

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले. इतर अवयव रंगले. मेंदू रंगला नाही. १९१३ साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंगद्रव्य मेंदूभोवतालच्या द्रवात सोडले. तेव्हा मेंदू रंगला, पण उर्वरित शरीर रंगले नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडथळा आहे, हे यातून दिसून आले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी परस्परांना घट्ट जोडलेल्या असतात. त्या प्राणवायू व साखर आत जाऊ देतात; परंतु विषारी द्रव्यांप्रमाणे बहुतेक औषधांनाही रोखतात.

एम.आर.आय.च्या वेळी शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्यही येथेच अडते. गाठीच्या मुख्य भागात हा अडथळा मोडलेला असल्याने तो भाग चित्रात उजळतो. कडेला निरोगी भागात विखुरलेल्या रोगट पेशींभोवती मात्र अडथळा शाबूत असतो. त्यामुळे त्या नजरेतून निसटू शकतात.

यावर एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींचा उपाय शोधला जात आहे. सोनोग्राफीत लहरींच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. येथे त्याच जातीच्या लहरी, भिंगाने सूर्यकिरण एकवटावेत तशा, कवटीबाहेरून मेंदूतील ठरावीक जागी एकवटतात. त्याच वेळी रक्तात सोडलेले, रक्तपेशींहून लहान असे वायूचे बुडबुडे तेथे स्पंदन पावतात आणि पेशींचे सांधे काही तासांपुरते सैल होतात. कुल्लेर्वो हायनिनेन व सहकाऱ्यांनी २००१ साली सशांवर हे दाखवून दिले. २०१५ साली टोरांटो येथील सनीब्रुक रुग्णालयात, कवटी न उघडता, मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर ही पद्धत प्रथम वापरण्यात आली.

या उघडलेल्या वाटेने लोहयुक्त अतिसूक्ष्म कण आत पाठविण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण काही नॅनोमीटर ते सुमारे शंभर नॅनोमीटर आकाराचे असतात. ते एम.आर.आय.मध्ये ठळक दिसत असल्याने वाट कोठे उघडली व कण कोठवर पोचले, हे कळते. मात्र कण जितका मोठा, तितकी वाट अधिक उघडावी लागते. आणि लहरींचा जोर प्रमाणाबाहेर गेल्यास सूज वा सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच या संशोधनात उतावीळपणास वाव नाही.

आप्तांनी एवढे ध्यानी घ्यावे की, अशा कणांद्वारे मेंदूची तपासणी ही आज नित्याची सेवा नव्हे. कोणी तसे आश्वासन दिल्यास त्या प्रयोगास नीतिसमितीची मान्यता आहे काय व भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत त्याची नोंद आहे काय, हे अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेनंतरचे एम.आर.आय. ठरल्या वेळी करून घ्यावेत आणि जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. पुन्हा वाढणारी गाठ लवकर ओळखण्याचा आजचा भरवशाचा मार्ग तोच आहे.

एर्लिख यांच्या प्रयोगाचा उपयोग त्या काळी कोणासही सांगता आला नसता. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचण्यास १३० वर्षे लागली. ज्ञानासाठी दिलेल्या दानाचे फळ उशिरा येते. परंतु ते येते.