सागरगोटे आणि अर्धा सेकंद

मेकॅनिक्सच्या पेपरनंतर रडणाऱ्यांत मीपण होते. सुट्टीत वसमतला गेले आणि तोच विषय आजीने ओसरीवर बसून शिकवला. पुस्तक नव्हतं. होते फक्त माळ्यावरच्या डब्यात सापडलेले पाच सागरगोटे!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, सागरगोटा कधी हातात घेतलाच नव्हता. आजी त्यांना गजगे म्हणते. काटेरी वेलीच्या या बिया राखाडी, गुळगुळीत आणि एकदम टणक असतात.

खेळ असा. पाचही जमिनीवर टाकायचे. एक उचलून वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत त्याच हाताने जमिनीवरचा एक उचलायचा आणि पडणारा झेलायचा. असे चारही उचलायचे. पुढच्या फेरीत दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. उचलताना दुसऱ्याला धक्का लागला की बाद.

आता गणित बघा. सागरगोटा 30 सेंटिमीटर उडवला तर वर जायला पाव सेकंद, खाली यायला पाव. म्हणजे हातात फक्त अर्धा सेकंद! मी डोकं चालवलं आणि दुप्पट उंच उडवायला लागले. पण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 60 सेंटिमीटरला जेमतेम 0.7 सेकंद मिळतात, आणि सागरगोटा भलतीकडेच जातो. आजी म्हणाली, "उंच कशाला फेकायलीस गं? नजर वर ठेव, हात खाली चालू दे." सूत्र न शिकता तिला उत्तर माहीत होतं.

मग मी म्हटलं, "आजी, तू करून दाखव ना." तिने उडवला, पण हात थरथरला आणि सागरगोटा घरंगळत गेला. ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. डबा राहील, पण खेळ? तो तर तिच्या बोटांत होता.

पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास अडकित्ते, दिवे अशा रोजच्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे तो संग्रह शासनाला दिला. आज ते राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आपणही भोवरे, गोट्या, विटीदांडू जमवू शकतो. पण नुसती वस्तू ठेवून भागणार नाही. सोबत एक कागद ठेवा: गावातलं नाव, कोण खेळायचं, कुठे, बाद कसं व्हायचं. भोवरा असेल तर दोरी कशी गुंडाळायची तेही लिहा, कारण दोरीशिवाय भोवरा म्हणजे नुसता लाकडाचा गोळा. आणि मोबाईल आहेच, आजी-आजोबांच्या हातांचा व्हिडिओ काढा. या सुट्टीतच काढा.

ते पाच सागरगोटे आता माझ्या हॉस्टेलच्या रूमवर आहेत. 'तीन आणि एक'ला मी अजून बाद होते. पुढच्या सुट्टीपर्यंत जमवायचंय, आजीला दाखवायला.