'-सी'च्या पुढे काय येतं?

एका छोट्या शेलचं ऑप्शन वाचणं पॉझिक्स या मानकाला धरून करायचं काम मी केलं. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. मॅन पेजवर विसंबू नका. आपलं शेल कसं वागतं ते तिथे मिळतं. कसं वागायला हवं ते पॉझिक्समध्ये. शेलचा भाग त्यात १९९२ साली आला आणि ऑप्शनांचे सर्वसाधारण नियम मूळ व्याख्यांच्या खंडात, बाराव्या प्रकरणात आहेत. बॅश आणि डॅश ही शेलं एकसारखी वागली, तरी मूळ कलम उघडून पाहाच.

२. सगळ्यात जास्त वेळ '-सी'ला द्या. पुढे येणारी कमांडची ओळ हे '-सी'चं आर्ग्युमेंट, असं बहुतेकांना वाटतं. पॉझिक्समध्ये तसं नाही. '-सी' हे साधं ऑप्शन आहे, आणि ती ओळ म्हणजे सगळी ऑप्शनं संपल्यावरचा पहिला ऑपरँड. म्हणून 'एसएच -सी -ई' लिहून पुढे ओळ दिली, तर '-ई' हेही ऑप्शनच. ऑप्शनं वाचणाऱ्या गेटऑप्ट या फंक्शनच्या यादीत 'सी'पुढे कोलन ठेवला, तर '-ईसी' बिनतक्रार चालतं आणि कुणाला शंकाही येत नाही. '-सीई' लिहिलं की मात्र शेल 'ई' नावाची कमांड शोधत बसतं! एका हायफनमागे अक्षरं जोडायची मुभा नियमांनीच दिली आहे, तेव्हा तिन्ही रूपं चाचण्यांत हवीतच.

३. '--' दिसलं की ऑप्शनं संपली. नियम सोपा, पण तो डोळे झाकून लावता येत नाही. नुसतं 'सेट' व्हेरिएबलं छापतं. 'सेट --' पोझिशनल पॅरामीटर पुसून टाकतं. 'एको'ने तर '--' जसंच्या तसं छापायचं असतं. एकच पार्सर सगळ्या बिल्ट-इनना पुरेल, ही आशा सोडा.

४. '-एबी' अशा जोडीत आपण कितव्या अक्षरावर आहोत, हे गेटऑप्ट्स या बिल्ट-इनचं ऑप्टइंड व्हेरिएबल सांगत नाही. शेलला ते आतल्या आत जपावं लागतं. स्क्रिप्टनं ऑप्टइंडला १ दिलं, की तेही पुसा.

५. ग्नूच्या सी लायब्ररीतलं गेटऑप्ट ऑपरँडच्या मागे राहिलेली ऑप्शनंही उचलून पुढे आणतं. शेलमध्ये हे घातक आहे. 'एसएच बिल्ड.एसएच -एक्स' यातलं '-एक्स' स्क्रिप्टचं, शेलचं नव्हे. पॉझिक्सली_करेक्ट हे व्हेरिएबल असलं की ही अदलाबदल थांबते, पण ते वापरणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून शेलनं ऑप्शनांच्या यादीच्या सुरुवातीलाच '+' लिहावं.