पुणे ते नागपूर : विमानाचे अंतर कसे काढाल?

वाघोलीत राहणाऱ्यांना विमान काही नवीन नाही. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि तिच्या पूर्वेला आपली वाघोली. त्यामुळे पूर्वेकडून उतरायला येणारी विमाने आपल्या डोक्यावरूनच जातात. खालचा नगर रस्ताही पुढे नागपूरकडे जातो. त्या रस्त्याने नागपूर सातशे किलोमीटरहून जास्त. मग विमानाला किती पडेल? नकाशावर पट्टी न ठेवता काढूया.

त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. पुणे विमानतळ साधारण १८°३५′ उत्तर, ७३°५५′ पूर्व. इथेच बरीच मुलं फसतात! १८°३५′ म्हणजे १८.३५ नव्हे हं. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून ३५ भागिले ६० करून ०.५८, म्हणजेच १८.५८ अंश. १८.३५ लिहिलेत तर विमानतळ सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेला, सासवडच्या बाजूला सरकतो. पुरंदरला नवा विमानतळ प्रस्तावित आहे खरा, पण आपले विमान अजून लोहगावहूनच सुटते!

तर पुणे १८.५८, ७३.९२ आणि नागपूर २१.०९, ७९.०५. अक्षांशांतला फरक २.५१, रेखांशांतला ५.१३.

पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरली तर अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११.२ किमी. म्हणून उत्तरेकडे २.५१ × १११.२ = २७९ किमी. आता पूर्वेकडचे. सगळी रेखावृत्ते ध्रुवावर एकत्र येतात, म्हणजे विषुववृत्तापासून दूर जाल तसे त्यांच्यातले अंतर कमी होत जाते. किती कमी? अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश १९.८४, त्याचा कोसाइन ०.९४. म्हणून इथे रेखांशाचा एक अंश १०४.६ किमीचाच भरतो. ५.१३ × १०४.६ = ५३७ किमी.

पुढचे काम पायथागोरसचे. २७९ आणि ५३७ यांच्या वर्गांची बेरीज ३,६६,२१०, तिचे वर्गमूळ ६०५. उत्तर, सुमारे ६०५ किमी. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणून सुमारे ३२७ सागरी मैल. कोसाइन विसरलात तर उत्तर ६३५ येईल, तब्बल ३० किमी जास्त.

ही रीत जवळच्या अंतरांनाच चालते बरं का. मुंबई ते न्यूयॉर्कला पायथागोरस लावू नका, तिथे पृथ्वीचा गोलावा लपत नाही. त्यासाठी गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र लागते :

कोसाइन (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन (रेखांशांतला फरक)

यात अ१, अ२ हे दोन ठिकाणांचे अक्षांश. आलेल्या अंशांना १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात.

आणि ६०५ हे किमान अंतर. विमानाने पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण केले तर त्याला नागपूरसाठी वळून मागे यावे लागते. शिवाय ठरलेले हवाई मार्ग असतात, उतरण्याआधीच्या घिरट्या असतात. इंधन भरताना या सगळ्याचा हिशेब धरावा लागतो.

आता पुणे-दिल्ली तुम्ही काढा. दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. दोन्ही रीतींनी करा आणि उत्तरांत किती फरक पडतो ते वहीत लिहून आणा.