पुडीतला झेंडू

१. संकरित झेंडूचं बी रुजतच नाही, असं मी ऐकून होते. रुजतं, आणि भरभरून रुजतं. चार वर्षांपूर्वी विकतच्या पाकिटातून आलेली माझी सगळी रोपं एका उंचीची होती, फुलंही सगळी नारिंगी, गेंदेदार. दसऱ्यानंतर त्यातली चांगली फुलं झाडावरच वाळू दिली, बी धरलं, पुडीवर तारीख घातली. पुढच्या आषाढात पेरलं तर एक रोप गुडघ्याएवढं, दुसरं कमरेपर्यंत. कुणाची पाकळी एकेरी, कुणाचा रंग पिवळा. दोन-तीन झाडांच्या फुलांना तर पाकळ्याच नव्हत्या, नुसते दोऱ्यांसारखे गोंडे! मी आधी मातीला दोष दिला, मग खताला.

२. दोष कुणाचाच नव्हता. पाकिटावरचं ‘एफ-१’ म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. ती एकसारखी दिसते, पण तिच्या पोटात दोन्ही घरचे गुण असतात आणि पुढच्या पिढीत त्यांची नव्याने वाटणी होते. त्या बिनपाकळ्यांच्या फुलांचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. अनेक संकरित आफ्रिकन झेंडूंची आईच बिनपाकळ्यांची असते. तिच्या फुलांत पराग नसतो, म्हणून संकर करणं सोपं जातं. माझ्या वाफ्यातल्या रोपांची ती आजी. नाती आजीवर गेल्या होत्या.

३. हे गणित माहेरच्या अंगणातल्या गुलबक्षीत कधीचं मांडलेलं होतं. कार्ल कोरेन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, तेव्हा फुलं गुलाबी आली; त्या गुलाबीच्या बियांतून साधारण चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. गुलबक्षीच्या त्या मिऱ्यांसारख्या बिया वेचून आम्ही भातुकली खेळलो. रंग का बदलतात, हे कुणाला एकदाही विचारलं नाही, याची आता हळहळ वाटते.

४. काही पुड्यांत मात्र नुसता भुसा असतो. आफ्रिकन आणि फ्रेंच झेंडूच्या संकराला फुलं उदंड, बी जवळजवळ नाहीच.

५. अगदी तेच फूल हवं असेल, तर मी आता नवं पाकीट आणते. पण एक वाफा पुडीतल्या बियांचाच. पहिलं फूल उमललं, की नकोसं रोप लगेच उपटायचं, मधमाश्यांनी त्याचा पराग इतरांवर नेण्याआधी. हे उपटणं अजूनही जिवावर येतं. यंदा एका झाडाला लिंबाच्या सालीसारखी फिकट पिवळी, गच्च पाकळ्यांची फुलं आली आहेत. त्याला लाल दोरा बांधलाय. देवासाठीसुद्धा ती कुणी खुडायची नाहीत, असं घरात सांगून ठेवलंय.